हलक्या स्पोर्ट्स कारला इंजिन किती एचपीचं? या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी फोन येतो. "काका, पाइपची चेसिस वेल्ड करून झाली. आता इंजिन किती एचपीचं टाकू?" मी विचारतो, गाडीचं वजन किती? पलीकडं शांतता. मग उत्तर येतं, "असंल की पाचशे-साडेपाचशे."

हे "असंल की" ऐकून ऐकून कान किटले, म्हणून हे लिहायला बसलो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझी शेड आहे. पोट मशीनिंगच्या जॉबवर भरतं. दोन सीटच्या, उघड्या, हलक्या ट्रॅक गाड्या बांधायच्या आणि दुसऱ्यांनी बिघडवलेल्या सरळ करायच्या हा नाद. नाद महागडा आहे आणि त्यातला निम्मा खर्च चुकीचं इंजिन आधी विकत घेतल्यामुळं होतो. माझा नाही, येणाऱ्यांचा. माझाही झालाय, पण ते पुन्हा कधीतरी.

वजन न करता पॉवर ठरवणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्याबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

एका इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं स्पर्धेसाठी सिंगल सीटर फॉर्म्युला गाडी बांधत होती. इंजिन होतं केटीएम ३९० चं, आपल्या चाकणला बनलेलं. ३७३ सीसी, ४३ एचपी. स्पर्धेचा नियम असा की पेट्रोल इंजिननं हवा घ्यायची ती २० मिलिमीटरच्या भोकातूनच, म्हणजे त्यातलीही थोडी पॉवर जाणार. गाडी उठत नाही म्हणून पोरं माझ्याकडं आली. कॉम्प्युटरवर वजन दाखवत होते २२८ किलो. मी म्हटलं, लॅपटॉप मिटा, गाडी काट्यावर घ्या.

मार्केट यार्डात एका गुळाच्या अडत्याशी माझी जुनी ओळख आहे. हंगाम संपला की त्याचे प्लॅटफॉर्म काटे मोकळे असतात. चार काटे आणायचे, लेव्हल करून चार चाकांखाली घालायचे, ड्रायव्हरला हेल्मेटसकट बसवायचं, टाकी अर्धी भरायची. पोरांची गाडी ड्रायव्हरशिवायच भरली २९१ किलो. त्रेसष्ट किलो आले कुठून? वेल्डिंगचा भरणा, नटबोल्ट, वायरिंग, ऑइल, कूलंट, सीट, बेल्ट, आणि वर तीन हात रंग. सॉफ्टवेअरमध्ये नटबोल्टांना वजनच दिलेलं नव्हतं. सगळा हिशोब २२८ वर मांडून गिअरिंग केलेलं, मग गाडी उठणार कशी?

त्यातला एक हुशार होता. तो म्हणाला, "साठ किलोनं एवढा काय फरक पडतो, पाच-सहा एचपी वाढवू." मी काही बोललो नाही. अडत्याकडून तीस किलोचे दोन गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, आणले आणि माझ्या गाडीच्या डाव्या सीटवर दोरीनं आवळून बांधले. माझी गाडी ५२० किलो, मी ८०, म्हणजे सहाशे. इंजिन जिप्सीचं १३०० सीसी, ८० एचपी. माळावर शंकू मांडून एक फेरी मारतो, तिला साधारण ५८ सेकंद लागतात. रव्यांसकट सव्वा सेकंद जास्त लागला. हिशोबानं बघितलं तर ८० एचपीला ६०० किलो हे प्रमाण ६६० किलोवर टिकवायला ८८ एचपी लागतात. आणि ते आठ एचपी फक्त सरळ रस्त्यावर कामाला येतात. ब्रेक मारताना आणि वळणात ते साठ किलो तसेच मानगुटीवर बसलेले. पोरगा गप्प झाला. जाताना गूळ मात्र घेऊन गेला.

माझी सवय सांगतो. कागदावर जे वजन येईल त्यात १५ टक्के घालायचे. सुटा पार्ट शेडमध्ये आला की आधी काट्यावर, मग वहीत, मग गाडीत. इंजिन घेण्याचा विषय वहीची बेरीज झाल्यावर. नवशिक्यांना हे कंटाळवाणं वाटतं. त्यांना आधी इंजिन हवं असतं, कारण त्याच्यासोबत फोटो चांगला येतो.

वजन कळलं की पुढचं सोपं आहे. जगात ज्या हलक्या गाड्या चालवायला मजेच्या म्हणून नावाजल्या, त्यांचे आकडे ड्रायव्हरचे ८० किलो धरून मांडून बघा. १९८९ ची माझदा एमएक्स-५: जपानी मॉडेल ९४० किलो, १२० एचपी. टनाला ११८ एचपीच्या आसपास. १९९६ ची लोटस एलिस: ७२५ किलो, ११८ एचपी. टनाला १४७. कॅटरहॅमची सेव्हन १७०: ४४० किलो आणि सुझुकीचं ६५८ सीसी टर्बो, ८४ एचपी. टनाला १६२. तेव्हा मी माणूस धरून टनाला १२० ते १६० धरतो. सहाशे किलोला ७२ ते ९६ एचपी झाले. टनाला शंभरच्या खाली गाडी मेंगळट वाटते, दोनशेच्या वर गेलं की साध्या टायरवर नवशिक्याचं काम नाही. हे शास्त्र नाही, माझी आजवरची सवय आहे.

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का कुणाला? फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसी इंजिन, ६० एचपी. स्पोर्ट्स कार म्हणतात आणि एवढीच पॉवर, म्हणून लोक हसायचे. मला ती गाडी तेव्हाही आवडायची.

टायरला विचारल्याशिवाय एचपी वाढवणं

इचलकरंजीच्या बाजूचा एक तरुण. घरचे यंत्रमाग, पैशाला तोटा नाही. ॲक्सिडेंट झालेल्या एका सेडानचं दोन लिटरचं टर्बो इंजिन त्यानं गिअरबॉक्ससकट उचललं, दोनशेच्या आसपास एचपी. गाडी ठरली होती ४८० किलोची. मी म्हटलं, बाबा, एवढ्याला मारुतीच्या जुन्या इकोचं १२०० सीसी बघ. ७३ एचपी, इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसतं, मागच्या चाकांना ड्राइव्ह, पार्ट गल्लीत मिळतात. त्याला अपमान वाटला. "इको? भाजीची गाडी?"

मग सुरू झालं दुष्टचक्र. इंजिन जड, म्हणून मागची फ्रेम जाड पाइपची. उष्णता जास्त, म्हणून मोठा रेडिएटर, दोन पंखे, वर इंटरकूलर. पॉवर जास्त, म्हणून मोठे डिस्क ब्रेक. डिस्क मोठे, म्हणून मोठी रिम. शेवटी काट्यावर गाडी भरली ६५५.

माळावर आला. पहिल्या दोन फेऱ्या पोरानं नुसत्या गिरक्या घेतल्या. दुसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमपर्यंत काहीच नाही, मग टर्बो एकदम भरायचा आणि मागची चाकं भिंगरीसारखी फिरायची. गाडी पुढं जाण्याऐवजी आडवी. त्याची सगळ्यात चांगली वेळ ६०.१ सेकंद. माझी ८० एचपीची त्या दिवशी ५८.४. ड्रायव्हरचा फरक म्हणाल, तर त्यालाच माझ्या गाडीत बसवलं. पहिल्याच प्रयत्नात ५९ मारली. पुन्हा स्वतःच्या गाडीत बसला आणि राग काढायला म्हणून क्लच सोडला, तर डावा ड्राइव्ह शाफ्ट सांध्यात तुटला. गाडी आम्ही ढकलत आणली. ६५५ किलो ढकलताना कळतात.

असं का झालं ते पेन्सिलीनं काढता येतं. माणसासकट साडेसहाशे किलोची, मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेली हलकी गाडी धरा. जोरात पळवताना वजन मागं ढकललं जातं, तेव्हा मागच्या दोन चाकांवर ४०० किलो धरू. चांगला रस्त्याचा टायर त्याच्या ०.९ पट ओढ देतो, म्हणजे ३६०. याला मीटर प्रति सेकंदातल्या वेगानं गुणायचं आणि ७५ नं भागायचं, उत्तर एचपीत. ताशी ६० म्हणजे १६.७ मीटर. उत्तर येतं ८०. ताशी १०० ला १३३. याचा अर्थ ताशी साठच्या वेगात चाकाला ८० एचपीपेक्षा जास्त दिलेत तर तो फक्त धूर आहे. ज्या माळावर वेग ८० च्या वर जातच नाही, तिथं दोनशे एचपीचं लोणचं घालायचं का? त्याची गाडी जरा जड आणि इंजिन मागं, तेव्हा टायर पंचवीस-तीस एचपी जास्त घेतील. बाकीचे कुठं जाणार?

म्हणून माझा पुढचा प्रश्न असतो, गाडी चालवणार कुठं? कोइमतूरचा कारी ट्रॅक २.१ किलोमीटरचा आहे. तिथं फॉर्म्युला एलजीबीच्या, म्हणजे नवख्यांच्या रेसच्या सिंगल सीटर गाड्या मारुतीच्या १३०० सीसीच्या इंजिनवर पळतात आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी रेसिंगचा श्रीगणेशा त्यातच गिरवला. त्यांना ते इंजिन कमी पडलं नाही, आणि तुम्हाला पहिल्याच गाडीत पडेल? आधी स्वस्तातलं इंजिन टाका, पैसे टायर, शॉक ॲबसॉर्बर आणि ब्रेक पॅडवर घाला, वर्षभर चालवा. एवढा धीर नसेल तर व्हिडिओ गेम आहेत.

बाईकचं इंजिन म्हणजे फुकटातली पॉवर, असं समजणं

सुझुकीच्या हायाबुसा बाईकचं इंजिन टाकू का, हा प्रश्न मला झोपेतही ऐकू येतो. इंजिन हलकं आहे, पॉवर दांडगी आहे, मान्य. पण त्याचा क्लच बाईक आणि दोन माणसं ओढायला केलेला असतो. तुमची पाचशे-सहाशे किलोची गाडी जागेवरून हलवताना तो रोज भाजणार. रिव्हर्स गिअर नाही, तो वेगळा करावा लागतो. चेन ड्राइव्ह ठेवलात तर डिफची, म्हणजे वळणात दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलची, सोय वेगळी. आणि जे कुणाच्या ध्यानात येत नाही ते ऑइल. बाईक वळणात झुकते, त्यामुळं ऑइल चेंबरच्या तळाशीच राहतं. गाडी झुकत नाही, ऑइल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग वाजायला लागतं. मी असं इंजिन उघडलंय, क्रँक निळा पडला होता. चेंबरमध्ये आडपडदे वेल्ड केल्याशिवाय बाईकचं इंजिन गाडीत फिरवू नका. चारशे किलोच्या आतली गाडी असेल आणि हे सगळं करायची तयारी असेल, तर बाईकच्या इंजिनासारखी मजा नाही, हेही सांगतो.

बाकीच्या चुका भराभर.

ब्रोशरमधली पॉवर इंजिनच्या तोंडाशी मोजलेली असते. मागच्या चाकाला पोहोचेपर्यंत शंभरातली साधारण ८५ उरते. पंधरा वर्षं जुनं भंगारातलं इंजिन असेल तर त्याहून कमी. घेण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासा. विकणारा "कशाला, चालू कंडिशन आहे" म्हणाला तर दुप्पट काळजीनं तपासा.

उंची विसरू नका. साधं, बिनटर्बोचं इंजिन शंभर मीटरला अंदाजे एक टक्का पॉवर सोडतं. कोल्हापूर सुमारे ५७० मीटरवर आहे, पाचगणी १३०० च्या आसपास. मुंबईत डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या यंत्रावर, १०० एचपी दाखवलेलं इंजिन पाचगणीच्या पठारावर ८७ चं होतं. कार्ब्युरेटर असेल तर तो वर ओव्हर मारायला, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त सोडायला लागतो, ते वेगळंच.

डिझेल नको. "काका, १९० न्यूटन मीटर टॉर्क आहे" म्हणून १.३ लिटरचं डिझेल इंजिन घेऊन येतात. इंजिन जड, पाच हजार आरपीएमला खेळ खलास, सतत गिअर बदलत बसा.

टॉप स्पीडवरून पॉवर ठरवू नका. हवेशी भांडायला लागणारी पॉवर वेगाच्या घनानं वाढते. सेव्हनसारख्या उघड्या गाडीला, जिचा आकार हवेसाठी कपाटासारखा असतो, ताशी १५० ला साधारण ५३ एचपी हवेतच जातात आणि २०० ला १२६. त्या पन्नासासाठी इंजिन दुप्पट करणार असाल तर आधी एवढा लांब सरळ रस्ता कुठं आहे ते दाखवा.

आणि शेवटची चूक, जी सगळं झाल्यावर आठवते. "काका, आता पासिंग?" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे फेरफार चालत नाहीत. घरी बांधलेली गाडी नंबर प्लेट लावून राजारामपुरीत फिरवायचं स्वप्न असेल तर सोडा. ती ट्रॅकपर्यंत दुसऱ्या गाडीवरूनच न्यायची आहे. माझी पिकअपच्या हौद्यात फाळका उघडा ठेवून जाते, चढवायला दोन माणसं आणि दोन फळ्या पुरतात. इचलकरंजीवाल्याला ट्रॉला सांगावा लागायचा. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता, इकोचं इंजिन कुठं चांगलं मिळेल म्हणून. मी म्हटलं, आधी गाडी काट्यावर घे आणि फोटो पाठव.