धरणाकाठी कॉलनी टाकायचीय? आधी काठ सोडा, मग प्लॉट पाडा

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जमीन घेतली की पहिला प्लॅन बहुतेक असाच येतो, पाण्याला चिकटून व्हिला, मागे फ्लॅट आणि पब्लिकसाठी कुठेतरी कोपऱ्यात एक गेट. उलटं करा. आधी लोकांचा काठ आखा, मग उरलेल्या जागेत घरं बसवा. हेच पाणी नाशिकच्या नळाला येतं, ते बघायला रविवारी पोरंबाळं घेऊन आलेल्या माणसाला कुंपणाबाहेर ठेवणं मला तरी पटत नाही.

साइट मे महिन्यात बघा. ब्रोकर तुम्हाला सप्टेंबरमध्येच नेणार कारण तेव्हा धरण भरलेलं असतं, पाणी अगदी बांधाला लागलेलं. मे मध्ये तेच पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं असतं, मध्ये नुसता भेगाळलेला गाळ आणि कुठे कुठे गाळपेर, म्हणजे उघड्या गाळात पेरणी, केलेल्या पट्ट्या. म्हणून जेटी पक्क्या खांबांवर नको, ड्रमवर तरंगणारी घ्या जी पाण्याबरोबर खालीवर होईल, आणि बोट उतरवायचा रॅम्प लांब, कमी उताराचा ठेवा. गाळ-मुरूम उपसलेले खड्डे धरण भरल्यावर वरून दिसत नाहीत, गुडघाभर पाण्यात चालणारा माणूस एका पावलात बुडतो, त्यामुळे कोरडं असतानाच ते शोधून भरून घ्या किंवा तिथे बोये टाकून जागा बंद करा.

कागदांचं थोडक्यात. जलसंपदा विभागाकडून पूर्ण संचय पातळी (धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत येतं ती) आणि संपादित जमिनीची हद्द घ्या, मोजणी करून जागेवर दगड रोवा, सातबाऱ्यावरच विसंबू नका. जमीन धरणाच्या खाली गोदावरीकाठी असेल तर निळी (नेहमीच्या पुराची) आणि लाल (मोठ्या पुराची) पूररेषा बघा, निळीच्या आत बांधकाम नाहीच, दोन्हींच्या मध्ये अटी लागतात. पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं हे दर पावसाळ्यात विचारणाऱ्या गावाला पूररेषा काय वेगळी समजवायची!

आता लेआउट. पाण्याकडून वर येताना आधी गवत आणि देशी झाडांचा पट्टा, मग चालायची वाट, मग रस्ता, मग घरं. घरांच्या पाठी पाण्याकडे नकोत. खिडक्या-गॅलऱ्या वाटेवर उघडल्या की संध्याकाळी तिथे बाईमाणसालाही एकटं फिरायला भीती वाटत नाही. पुढे बैठी घरं, उंच बिल्डिंग मागे, आणि आतला प्रत्येक रस्ता सरळ पाण्याकडे उघडा ठेवा म्हणजे मागच्या रांगेतल्यालाही ब्रह्मगिरी-अंजनेरीकडे सूर्य जाताना दिसेल. पार्किंग आणि खाण्याच्या गाड्या बाहेरच्या रस्त्याला, काठावर गाडी आणूच देऊ नका.

पावसाळी वारा पश्चिमेचा, त्यामुळे तरंगता कचरा पूर्वेच्या काठाला येऊन साचतो, तिथे मुलांचा घाट करू नका. बोटी पॅडलच्या, कयाक, शिडाच्या किंवा बॅटरीवरच्या. पिण्याच्या पाण्यावर पेट्रोलचा तवंग कशाला? हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात ती उथळ बाजू बोटींना बंद. आणि मासेमारी करणाऱ्या सोसायटीशी, गुरं पाण्यावर आणणाऱ्या गावकऱ्यांशी आधी बोला, त्यांची वाट नकाशात दाखवा, नाहीतर नंतर भांडण होतंच.

सांडपाण्यात मात्र एक पैसा वाचवू नका. एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) पाणी बागेला आणि फ्लशला, धरणात थेंबही नाही. लॉनचं खत आणि साबणाचं पाणी उतरलं की पाणवेली माजतात. पावसाचं पाणी पाईपने थेट सोडण्यापेक्षा गवताच्या चरांतून मुरवत न्या.

शेवटचं काम प्लॉट विकण्याआधी करायचं. काठाची वाट सगळ्यांसाठी खुली राहील हे प्रत्येक खरेदीखतात लिहा आणि जमलं तर ती वाट ग्रामपंचायतीच्या नावे करून द्या. लाइफगार्ड, लाइफजॅकेट, दिवे यांचा खर्च कोण देणार हेही तिथेच लिहा. नाहीतर सोसायटीची कमिटी बसली की पहिला ठराव गेट लावायचाच होतो.