पीटीएसडीचं निदान झालंय आणि फिटही येतायत? मग सुरुवात इथून करा

डॉक्टर म्हणाले ही मिरगी नाही, पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास) आहे आणि फिट त्याच्याशी जोडलेल्या आहेत, आणि घरी आल्यावर डोक्यात एकच घुमत राहतं की म्हणजे मी नाटक करते असं वाटतंय का सगळ्यांना? अजिबात नाही. ही फिट खरी असते, कोणी मुद्दाम आणत नाही. मिरगीत मेंदूतल्या विजेच्या लहरी बिघडतात, इथे तसं होत नाही, इथे ताण किंवा जुना आघात झेपेनासा झाला की भान तुटतं आणि शरीर थरथरतं, ताठ होतं नाहीतर एकदम गळून पडतं. रिपोर्टवर पीएनईएस, डिसोसिएटिव्ह सीझर्स, फंक्शनल सीझर्स असं काहीही लिहिलेलं असू शकतं, सगळं एकच.

पहिलं काम, डॉक्टरांना सरळ विचारा की निदान कशावरून केलं. फिट चालू असतानाच व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, सोबत व्हिडिओ) झाला आणि त्यात लहरी मिरगीच्या दिसल्या नाहीत, तर ते सगळ्यात भक्कम. दोन फिटच्या मधल्या वेळात काढलेला साधा ईईजी नॉर्मल आला एवढ्यावरून मिरगी नाहीच असं ठरत नाही. काही जणांना दोन्ही असतं, त्यामुळे मिरगीच्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका प्लीज, डॉक्टर सांगतील तशाच हळूहळू कमी करायच्या. घरच्यांना फिटचा मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

आता माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट. बऱ्याच जणांना फिटच्या आधी काही सेकंद किंवा मिनिटं काहीतरी जाणवतं, हातापायाला मुंग्या, छातीत धडधड, आवाज लांबून आल्यासारखे, आपण आपल्या शरीरात नाही असं काहीतरी. फिट येऊन गेली की भान आल्यावर वहीत दोन ओळी लिहा, आधी काय जाणवलं, कुठे होतो, झोप झाली होती का, कोणता आवाज, वास, कोणाचं बोलणं. महिन्याभरात काहीतरी पॅटर्न दिसायला लागू शकतो. नाही दिसला तरी घाबरू नका, काहींना निवांत बसलेले असतानाही फिट येते.

ती खूण कळली की लगेच खाली बसा, पडायची भीती तेवढी कमी होते, आणि मग लक्ष बाहेर खेचायचं. पाय जमिनीवर घट्ट दाबा, हातात बर्फ किंवा काहीतरी खरखरीत धरा, दिसणाऱ्या 5 गोष्टींची नावं मोठ्याने घ्या, आज तारीख काय, मी कुठे आहे हे बोला. श्वास सोडताना जास्त वेळ घ्या, जोरजोरात खोल श्वास घेऊ नका, त्याने चक्कर आणि मुंग्या वाढतात. हे रोज बरं वाटत असतानाच करून बघायचं, ऐनवेळी पहिल्यांदा केलं तर जमत नाही.

घरच्यांसाठी: हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा आणि शांत आवाजात सांगत राहा की तू सुरक्षित आहेस, मी इथेच आहे. आघात मारहाणीचा किंवा अत्याचाराचा असेल तर घट्ट पकडण्याने फिट वाढूही शकते. ॲम्ब्युलन्स कधी बोलवायची हे डॉक्टरांशी बोलून कागदावर लिहून ठेवा, पण दुखापत झाली, श्वासाला त्रास झाला किंवा फिट नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर वाट बघत बसू नका. बाथरूमला आतून कडी लावू नका, पोहायला एकटे जाऊ नका, गाडी चालवायचं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

उपचार म्हणजे मुख्यतः थेरपी. फिटसाठी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलण्यातून होणारी थेरपी), आघातासाठी ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवणींवर काम), प्रोलाँग्ड एक्स्पोजर (टाळलेल्या आठवणींना हळूहळू सामोरं जाणं) वगैरे. सेरट्रालीनसारख्या गोळ्या पीटीएसडी आणि डिप्रेशनला मदत करतात, फिटवरचं थेट औषध मात्र ते नाही. अपेक्षाही नीट ठेवा. 2020 मध्ये ब्रिटनमधल्या 368 जणांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात सीबीटी घेणाऱ्यांच्या महिन्याच्या फिट वर्षभराने नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी नव्हत्या, पण सलग फिटशिवाय जाणारा काळ वाढला होता आणि रोजचं जगणं सुधारलं होतं. म्हणून फक्त फिट मोजत बसू नका, बाहेर एकटे किती वेळा गेलात, किती रात्री नीट झोपलात तेही लिहा.

पहिल्याच भेटीत सगळा आघात उकरून सांगायची सक्ती नसते. आधी स्वतःला सावरायचं शिकणं, मग हळूहळू आठवणींवर काम, असं थेरपिस्टशी ठरवून घेता येतं. जुन्या गोष्टी निघाल्यावर काही दिवस फिट वाढल्यासारख्या वाटल्या तर थेरपी सोडून देण्याआधी थेरपिस्टला सांगा, वेग कमी करता येतो. आणि जगू नये असे विचार यायला लागले तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगायचं, त्या वेळी एकटं राहायचं नाही.