आउटलुक अचानक परवानगी मागू लागलं तर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर क्लासिक आउटलुकमध्ये (कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेलं जुनं आउटलुक) मध्येच चौकट उघडते : एक प्रोग्रॅम तुमच्या ईमेल पत्त्यांची माहिती वाचू पाहतोय, किंवा तुमच्या नावाने मेल पाठवू पाहतोय. त्या क्षणी तुम्ही स्वतः एक्सेलचा मॅक्रो (ठरावीक कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम), वर्डचं मेल मर्ज (एकच पत्र यादीतल्या अनेकांना पाठवणं) किंवा इन्व्हॉइस मेल करणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर चालवलेलं नसेल, तर थेट 'डिनाय' दाबा. काम तुमचंच असेल तर 'अलाउ' दाबा; चौकटीत 'अलाउ अ‍ॅक्सेस फॉर' दिसत असेल तर आधी त्यावर खूण करून 1 मिनिट निवडा; 10 मिनिटं सहसा लागत नाहीत.

मेल बिघडलाय असं समजू नका. आउटलुक 2007पासूनची मूळ सेटिंग अशी आहे, की अँटिव्हायरस चालू आणि अद्ययावत असेल तर ही चौकट येत नाही. म्हणून ती रोज दिसू लागली, तर आधी अँटिव्हायरसकडे बघा. लायसन्स संपलेलं असतं, किंवा अपडेट अडकलेले असतात. फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, प्रोग्रॅमॅटिक अ‍ॅक्सेस इथे गेलात की खाली अँटिव्हायरसची स्थिती 'व्हॅलिड' की 'इनव्हॅलिड' ते लिहिलेलं असतं.

त्याच पानावर 'नेव्हर वॉर्न मी' हा पर्यायही आहे. कृपया तो निवडू नका. त्याने चौकट जाते, पण मग कुठलाही प्रोग्रॅम न विचारता तुमच्या नावाने मेल पाठवू शकतो. पर्याय फिकट दिसत असतील तर ते बदलायला अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात; आयटी विभागाला चौकटीचा स्क्रीनशॉट आणि नेमकी वेळ कळवा.