स्क्रीन शेअर करण्याआधी काय बंद करायचं, काय नुसतं लपवायचं

प्रोजेक्टरची वायर जोडण्याआधी किंवा मीटिंगमध्ये अख्खी स्क्रीन शेअर करण्याआधी दहा मिनिटं मोकळी ठेवा. चार्जर, वायर, दाखवायची फाइल हे सांगायला नको. खरं काम उघड्या विंडोंचं आहे, आणि त्यात एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: लपवलेली विंडो बंद झालेली नसते. नेमकं हेच राहून जातं, म्हणून इथे ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी विंडोजच्या लॅपटॉपचं बघू. सगळीकडे कंट्रोल-एस दाबून काम सेव्ह करा. मग बंद करायला लागा. कंट्रोल-डब्ल्यूने ब्राउझरचा एक टॅब जातो, ऑल्ट-एफ४ने समोरची अख्खी विंडो जाते. चुकून कामाचा टॅब गेला तर कंट्रोल-शिफ्ट-टी दाबा, परत येतो. इनकॉग्निटोमधला, म्हणजे ब्राउझरच्या खासगी विंडोतला, मात्र येत नाही. बऱ्याच लॅपटॉपवर एफ४ला आवाजाचं नाहीतर उजेडाचं काम दिलेलं असतं, त्यामुळे ऑल्ट-एफ४ दाबूनही विंडो जागची हलत नाही. तिथे एफएन बटणही सोबत धरावं लागतं. हे आदल्या दिवशीच करून बघा, माणसं समोर बसल्यावर नको. आणि विंडो संपल्यावरही ऑल्ट-एफ४ दाबत राहू नका. डेस्कटॉपवर तेच बटण शट डाउनची चौकट उघडतं, सवयीने एंटर दाबलं की लॅपटॉपच बंद व्हायचा.

नोटपॅडचं वेगळं आहे. विंडोज ११मधलं नोटपॅड बंद करताना काही विचारत नाही आणि पुढच्या वेळी उघडलं की सेव्ह न केलेला मजकूर जसाच्या तसा समोर आणतं. तिथे पासवर्ड किंवा खाते क्रमांक टिपून ठेवले असतील तर नुसतं ऑल्ट-एफ४ पुरत नाही. तो टॅबच कंट्रोल-डब्ल्यूने बंद करा, सेव्ह करायचं का विचारेल तेव्हा नाही म्हणा.

आता मुख्य गोष्ट. चॅटची, मेलची बरीच अॅप्स ऑल्ट-एफ४ दाबल्यावर दिसेनाशी होतात, टास्कबारवरूनही जातात, पण बंद होत नाहीत. ती घड्याळाशेजारच्या छोट्या बाणामागे जाऊन बसतात आणि तिथून निरोप येईल तसा उजव्या कोपऱ्यात चौकट टाकत राहतात: पाठवणाऱ्याचं नाव आणि पहिली ओळ, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या अक्षरात. म्हणून विंडोज-बी (विंडोजच्या चिन्हाचं बटण धरून बी) दाबा, बाणावर एंटर करा, आत कोण कोण बसलंय ते बघा. नको त्या चिन्हावर उजवं क्लिक करून क्विट किंवा एक्झिट निवडा. विंडो गेली म्हणजे अॅप गेलं असं समजू नका. बाणामागे बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

जे चालू ठेवायचंच आहे ते लपवा. इथे बहुतेकांचा हात विंडोज-डीवर जातो. ते पहिल्यांदा सगळं लपवतं, दुसऱ्यांदा दाबलं की सगळं परत उघडतं. गडबडीत दोनदा दाबलं गेलं तर जे झाकायचं तेच समोर येणार. त्यापेक्षा विंडोज-एम वापरा. ते कितीही वेळा दाबा, लपवण्याचंच काम करतं; परत आणायला विंडोज-शिफ्ट-एम असं वेगळं दाबावं लागतं. एकच विंडो समोर ठेवून बाकीच्या खाली ढकलायच्या असतील तर विंडोज-होम. पण लपवलं म्हणजे संपलं नाही, हे इथेही आहेच: बोलता बोलता ऑल्ट-टॅब दाबलंत की लपवलेल्या सगळ्या विंडोंची छोटी चित्रं आतल्या मजकुरासकट पडद्यावर मांडली जातात. जे कुणाला दिसता कामा नये ते लपवू नका, बंद करा.

कंट्रोल-विंडोज-डीने नवा कोरा डेस्कटॉप उघडता येतो, तो चांगला. फक्त कंट्रोल-विंडोज-एफ४ने तो बंद केला की त्यावरच्या विंडो शेजारच्या डेस्कटॉपवर येऊन पडतात, बंद होत नाहीत.

मॅकवर हाच घोळ जास्त होतो. कमांड-डब्ल्यूने विंडो जाते, अॅप चालूच राहतं. डॉकमध्ये चिन्हाखाली ठिपका दिसतो तो त्याचाच. पूर्ण बंद करायला कमांड-क्यू. ही दोन्ही बटणं शेजारी शेजारी आहेत, सावकाश दाबा. कमांड-एच समोरचं अॅप लपवतं, कमांड-ऑप्शन-एच बाकीची सगळी. तीही नुसती लपतात.

अडकलेलं, बंदच होत नाही असं अॅप असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, ते अॅप निवडून एंड टास्क करा; मॅकवर कमांड-ऑप्शन-एस्केप. विंडोज ११वर विंडोज-एन दाबून उघडलेल्या पट्टीत डू नॉट डिस्टर्ब लावा, म्हणजे निरोपांच्या चौकटी येणार नाहीत. प्रोजेक्टरवर काय दाखवायचं ते निवडायला विंडोज-पी. जमेल तिथे अख्खी स्क्रीन नको, एकच विंडो शेअर करा. जागेवरून उठलात तर विंडोज-एलने स्क्रीन लॉक करा.

बाण पुन्हा एकदा बघा. काम झाल्यावर डू नॉट डिस्टर्ब काढा आणि क्विट केलेली चॅटची अॅप्स हाताने सुरू करा, नाहीतर दिवसभर निरोप येणार नाहीत.