सायकलच्या चाकाचे नट किती आवळायचे? या चुका टाळा

चाक डुगडुगायला लागलं की हात सरळ पान्याकडे जातो आणि एक्सलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट आणखी अर्धा फेरा आवळला जातो. बहुतेकदा दुखणं तिथे नसतंच. बाहेरच्या नटाचं काम एकच, एक्सल चिमट्याला (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांना) किंवा फ्रेमला घट्ट धरून ठेवणं. हब म्हणजे चाकाचा मधला भाग; त्याच्या आतला कोन (छर्‍यांना टेकणारा निमुळता नट) आणि छर्रे यांच्यातला प्ले, म्हणजे सैलपणा, हा वेगळा विषय. टायर धरून चाक आडवं हलवून बघा. एक्सलसुद्धा चिमट्यात सरकत असेल तर नट ढिला आहे. एक्सल जागचा हलत नाही, पण चाक खटखट करतंय, तर कोन ढिला आहे. बाहेरचा नट आवळून कोन घट्ट बसत नाही.

याच्या उलट तक्रारही येते: नट आवळला की चाक जाम होतं. पुढच्या चाकाच्या अनेक साध्या हबमध्ये कोनला वेगळा लॉकनट (कोन जागेवर धरून ठेवणारा नट) नसतो, त्यामुळे नट फिरवताना कोनही फिरतो आणि छर्रे दाबले जातात. मग लोक काय करतात, तर चाक मोकळं फिरेपर्यंत नट ढिला करतात आणि तसंच रस्त्यावर जातात. हे सगळ्यात वाईट. कोन किंचित ढिला लावा, पातळ पान्याने तो धरून ठेवा, मग नट पूर्ण आवळा. जाम झालं तर पुन्हा कोनपासून सुरुवात. नटाशी तडजोड नाही.

किती आवळायचं? नटवाल्या मागच्या चाकाला साधारण 30 ते 40 न्यूटन-मीटर (आवळण्याचा जोर मोजायचं एकक) आणि पुढच्याला 20 ते 25. सायकलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. हा जोर मोजणारा टॉर्क पाना घरोघरी नसतो, पण प्रवासाची बॅग तोलायचा हुकवाला काटा पुष्कळांकडे असतो. नटाच्या मध्यापासून 15 सेंटिमीटरवर पान्याला हुक अडकवून काटकोनात ओढा. 20 ते 27 किलो दिसले की मागचा नट झाला, 14 ते 17 वर पुढचा. दोन-तीनदा असं केलं की हाताला अंदाज येतो. पान्याला पाइप लावून कधीही आवळू नका. त्यात आटे जातात, आणि आटे गेलेला नट घट्ट झाल्यासारखा वाटतो पण धरत काहीच नाही.

साध्या सायकलींना खरा त्रास होतो तो मागच्या चाकाचा. चढावर उभं राहून पायडल मारलं की चेन एक्सलचं उजवं टोक पुढे खेचते. तिथला नट कमी आवळलेला असेल तर चाक तिरकं होतं आणि टायर डावीकडे, पायडलजवळच्या नळीला घासतो. ही खूण लक्षात ठेवा: टायर डावीकडे घासतोय, तर संशय उजव्या नटावर. चाक सरळ करून तेवढाच नट पुन्हा आवळून भागत नाही, आधी कारण शोधावं लागतं. बरेचदा ते कॅरिअर आणि मडगार्डच्या पट्ट्यांत सापडतं. या पट्ट्या फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला आणि त्यावर वायसर, मग नट, असा क्रम हवा. पट्ट्यांची चळत जाड झाली आणि एक्सलचं टोक नटाच्या बाहेर किंवा निदान बरोबरीला आलं नाही, तर पकड अपुरी राहते. नव्या पट्ट्या दाबून बसतात, म्हणून पहिल्या फेरीनंतर नट एकदा तपासायचाच. आट्यांवर तेलाचा थेंब चालतो. फ्रेमच्या ज्या पृष्ठभागावर एक्सल पकडतो, तिथे मात्र तेल नको.

दोन्ही नट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा. पुढचं चाक बसवताना सायकल सरळ उभी ठेवा, म्हणजे तिच्याच वजनाने एक्सल खाचेत पूर्ण बसतो. उलटी ठेवून बसवलेलं चाक वाकडं बसायची शक्यता जास्त.

क्विक रिलीजवाल्या, म्हणजे पान्याशिवाय लिव्हर मिटून चाक पकडणारा दांडा असलेल्या, सायकलींची चूक निराळी. लिव्हर गोल फिरवून चाक घट्ट होत नाही. लिव्हरच्या विरुद्ध टोकाचा छोटा नट फिरवून ताण ठरवायचा आणि लिव्हर मिटून पकड द्यायची. लिव्हर चाकापासून सरळ बाहेर आली की जोर लागायला सुरुवात झाली पाहिजे, आणि पूर्ण मिटवताना तळहातावर तिचा ठसा उमटला पाहिजे. सहज मिटली, तर नट आणखी फिरवा. दांड्यावरच्या दोन्ही स्प्रिंगचं निमुळतं तोंड आतल्या बाजूला, हबकडे. चिमट्याच्या टोकाला उंचवटे असतात, ते ढिलं झालेलं चाक निसटू नये म्हणून. चाक काढायला दरवेळी नट जास्त फिरवावा लागतो म्हणून कानशीने ते घासून टाकणारे महाभाग आहेत. कृपया नको.

पुढे डिस्क ब्रेक असेल तर आणखी जपा. बहुतेक चिमट्यांत कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) मागे असल्याने ब्रेक दाबताच एक्सलला खाचेतून खाली ढकलणारा जोर तयार होतो. शिवाय काही जुन्या लिव्हर अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त उघडतात आणि डिस्कमध्ये अडकू शकतात. याच कारणाने 2015 मध्ये ट्रेक कंपनीने अमेरिकेत लाखो सायकलींसाठी रिकॉल जाहीर केला होता. पूर्ण उघडलेली लिव्हर आणि डिस्क यांच्यात 6 मिलिमीटर जागा उरत नसेल, तर क्विक रिलीज बदला.

थ्रू-एक्सलला, म्हणजे फ्रेममधल्या आट्यांत फिरवून बसवायच्या जाड एक्सलला, इतकी ओढाताण लागत नाही. आकडा बहुधा एक्सलवरच छापलेला असतो, अनेकदा 12 ते 15 न्यूटन-मीटरच्या आसपास. इथे नटवाल्या चाकाची ताकद लावलीत तर फ्रेममधले आटे जातात आणि दुरुस्ती महागात पडते. आट्यांना ग्रीस लावा आणि चाक धुतल्यावर ग्रीस पुन्हा लावायला विसरू नका. कोरडा घातलेला एक्सल पावसाळ्यानंतर निघता निघत नाही.