ला पॉम्प वाजवताना हात का अडकतो? या चुका टाळा

माझा एक मित्र व्हायोलिन वाजवतो. काही वर्षांपूर्वी दर रविवारी त्याच्या घरी आमचं ‘मायनर स्विंग’ हे जिप्सी जॅझमधलं गाणं चालायचं. तो पुढे वाजवणार, मी मागे गिटारवर कॉर्ड धरून ‘ला पॉम्प’चा ठेका देणार. तिसऱ्या रविवारी त्याने मध्येच गज खाली घेतला आणि म्हणाला, “अरे, तू साथ करतोयस की माझ्या मागे लागलायस?” माझा उजवा हात तोवर कोपरापर्यंत भरून आला होता, लय सुरुवातीपेक्षा बरीच वर चढली होती, आणि मला वाटत होतं की आज काय जमतंय!

मग वर्षभर मी उजव्या हाताच्या मागे लागलो. तार छेडायची वेगवेगळी पिकं (प्लेक्ट्रम), मनगटाचे व्यायाम, सगळं केलं. खरी गडबड डाव्या हातात होती, हे फार उशिरा लक्षात आलं.

या संगीताकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी थोडी ओळख. १९३४ साली पॅरिसमध्ये ‘क्वेंतेत द्यू हॉट क्लब द फ्रान्स’ उभं राहिलं. पुढे जँगो राइनहार्टची गिटार आणि स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन. मागे जँगोचा भाऊ जोसेफ आणि रोजे शापू यांच्या दोन गिटार, आणि लुई व्होलाचा डबल बास. ड्रम नाहीत. म्हणजे तबलजीने जे करायचं ते सगळं मागच्या गिटारवाल्यांच्या गळ्यात. त्यांच्या त्या ‘झुम्-चक् झुम्-चक्’ ठेक्याला फ्रेंचमध्ये ‘ला पॉम्प’ म्हणतात. पॉम्प म्हणजे पंप. गावाकडे हापसा मारलेल्यांना हे नाव लगेच पटेल.

(हे संगीत ज्या मानूश, म्हणजे फ्रान्समधल्या रोमानी (जिप्सी) लोकांचं, त्यांच्या नावाचा अर्थ त्यांच्या भाषेत ‘माणूस’ असाच आहे. पाण्यालाही ते ‘पानी’च म्हणतात. रोमानी भाषा मुळात आपल्याच भाषाकुळातली. म्हणून हा ठेका आपल्या हाताला आपोआप चढेल, असं मात्र अजिबात नाही.)

डावा हात दाबायला शिकतो, सोडायला नाही

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून आधी हीच घेतो.

तबल्यात खुले बोल असतात आणि बंद बोल असतात. पॉम्पमध्ये एक आणि तीन या मात्रांवर कॉर्ड जरा खुली राहते. दोन आणि चारवर ती वाजल्या वाजल्या बंद होते. हे बंद करणं बहुतांशी डाव्या हाताचं काम आहे: बोटं तारेवरच राहतात, फक्त दाब निघून जातो.

नवा माणूस इथे दोन प्रकारे चुकतो. पहिला प्रकार म्हणजे दाब सोडतच नाही. मग चारही मात्रा सारख्या घणघणतात, आवाजाचा चिखल होतो. तो चिखल झाकायला उजवा हात दोन-चारवर जोरजोरात आपटायला लागतो, आणि हात भरून येतो तो इथूनच. माझंही हेच होत होतं. दुसरा प्रकार म्हणजे दाब सोडताना बोटंच उचलतो. मग मोकळ्या तारा वाजतात आणि पुढच्या मात्रेला बोटं पुन्हा जागेवर पोचायला उशीर होतो. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत हे चालून जातं, १८०ला नाही.

तपासून बघा. ए मायनर सिक्स धरा: सहावी तार पाचव्या फ्रेटवर मधल्या बोटाने, चौथी तार चौथ्या फ्रेटवर तर्जनीने, तिसरी आणि दुसरी तार पाचव्या फ्रेटवर अनामिका आडवी करून. पाचवी आणि पहिली तार वाजायची नाही. पाचवी तार गप्प ठेवायचं काम मधल्या बोटाचं टोक करतं, ते तिच्यावर नुसतं टेकलेलं असतं. पहिलीला अनामिकेचा खालचा भाग शिवतो. आता दाब काढून घ्या, बोटं तारेला चिकटलेली ठेवा, आणि उजव्या हाताने एक डाउनस्ट्रोक (वरून खाली) मारा. नुसतं ‘खट्’ आलं पाहिजे.

‘खट्’ऐवजी घंटेसारखा बारीक ‘टिंग्’ आला? घाबरू नका. पाचव्या, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवर तारेला हलकेच बोट लावलं की हार्मोनिक वाजतात, आणि आपण नेमके पाचव्यावरच बसलोय. दाब सोडताना बोटं किंचित आडवी झुकवायची, म्हणजे एकाच तारेला दोन ठिकाणी स्पर्श होतो आणि घंटा बंद पडते. रिकामी करंगळीही खाली टेकवता येते. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी बिचाऱ्या तारांना दोष देत बसलो होतो.

याच्या उलटी चूकही सांगून टाकतो. काही जण दोन-चारची मात्रा इतकी मारून टाकतात की तिच्यात सूरच उरत नाही, पत्र्यावर थाप मारल्यासारखी ‘चक्’ येते. पुढे वाजवणाऱ्याला कॉर्ड कुठली चाललीय तेच कळत नाही. मात्रा आखूड हवी, पण तिच्यात कॉर्डचा वास राहिला पाहिजे. म्हणजे दाबलेलं असतानाच मारायचं, आणि आवाज उमटताक्षणी सोडायचं.

ई सेव्हन आली की सगळं सांडतं

‘मायनर स्विंग’मध्ये ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन अशी फिरकी असते. पहिल्या दोघी नीट जातात, तिसरीला घाण होते. याचं कारण साधं आहे. बऱ्याच जणांना ई सेव्हनचा मोकळ्या तारांचा आकार आवडतो: सहावी, दुसरी आणि पहिली मोकळी, पाचवी आणि तिसरी सातव्या फ्रेटवर, चौथी सहाव्यावर. आवाज भरदार येतो, पण डाव्या हाताचा दाब काढला तरी मोकळ्या तारा थांबणार कशा? त्या वाजतच राहतात.

वेग बसेपर्यंत हा आकार बाजूला ठेवा. पाचवी तार सातव्या फ्रेटवर, चौथी सहाव्या, तिसरी सातव्या, दुसरी पाचव्या, बाकी दोन गप्प. चारही तारा दाबलेल्या, म्हणजे चारही सोडता येतात. मोकळा आकार नंतर परत आणा, तेव्हा तळहाताची कड तारांवर टेकवून तो थांबवायला शिका.

पूर्ण बार कॉर्डचा हट्ट

सहाच्या सहा तारांवर तर्जनी आडवी टाकून दोन मिनिटं पॉम्प वाजवून दाखवा, चहा माझ्याकडून. १९२८मध्ये कॅरॅव्हॅनला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची आखडली. त्या बोटांचा तो कॉर्डमध्ये जमेल तेवढाच उपयोग करायचा, आणि या शैलीत तीन-चार स्वरांच्या छोट्या कॉर्ड रुळलेल्या आहेत. जी सिक्स बघा: सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, चौथी दुसऱ्या, तिसरी चौथ्या, दुसरी तिसऱ्या. चार स्वर, बस. हाताला सुटायला जागा राहते.

अपस्ट्रोकचं खूळ

पॉम्पमध्ये एक आणि तीनच्या अगदी आधी एक चुटपुटता अपस्ट्रोक (खालून वर) असतो. ऐकताना तोच कानात भरतो, आणि म्हणून प्रत्येक जण शिकायला सुरुवात तिथूनच करतो. मीही केली. परिणाम असा की अपस्ट्रोक मात्रांच्या बरोबर मध्ये येऊन बसतो आणि ठेका आगगाडीसारखा झुक्-झुक् चालायला लागतो.

पहिले पंधरा दिवस अपस्ट्रोक काढूनच टाका. चार मात्रा, चार डाउनस्ट्रोक. एक आणि तीनला पिक जाड तारांवरून जाऊ दे, दोन आणि चारला सगळ्या तारांवरून. हे कंटाळवाणं आहे, कबूल. पण चौथ्या मात्रेनंतर हात वर तर जाणारच आहे ना? तो जाता जाता दोन-तीन तारांना घासून गेला की तो अपस्ट्रोक. तो पुढच्या मात्रेला चिकटलेला असतो, तिच्यापासून वेगळा ऐकू येता कामा नये. वेगळा मोजावा लागत असेल तर अजून वेळ आलेली नाही. लय खूप वर गेली तर तो गाळलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

उजवा हात: कोपर, पिक, पकड

आरशासमोर बसा. कोपर वर-खाली होताना दिसतंय? तर हात धुऊन पाणी झटकताना मनगट कसं सैल फिरतं ते आठवा. हालचाल तिथून यायला हवी. कोपर थोडं हलेल, पण मेहनत त्याची नको. तळहात गिटारच्या अंगावर रोवून ठेवू नका.

पिक पातळ असेल तर ते तारेवर वाकून उशिरा परततं आणि कागद फडफडल्यासारखा आवाज येतो. या शैलीतले बरेच वादक ३ मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड पिक वापरतात. पहिल्या दिवशी शर्टाचं बटण धरल्यासारखं वाटतं. आठवडाभर द्या त्याला. टोक बोटांबाहेर अगदी थोडं ठेवा, आणि पकड इतकीच की कुणी ओढलं तर सुटेल.

दोन मिनिटांत हाताच्या पुढच्या भागात जळजळ सुरू झाली तर थांबा. ‘दम धरून’ पुढे वाजवण्यात काही पराक्रम नाही, हात ताठरलेलाच वाजवायला शिकतो. बोटांना मुंग्या येत असतील किंवा गिटार ठेवल्यावरही दुखणं राहत असेल तर डॉक्टर गाठा.

मेट्रोनोम प्रत्येक मात्रेवर

गाणं २००च्या लयीत असेल तर मेट्रोनोम १००वर लावा आणि त्याची प्रत्येक टिक दोन आणि चार समजा. सुरुवातीला डोकं गरगरतं, एक कुठे तेच सापडत नाही. टिकला ‘दोन’ म्हणा, पुढच्या टिकला ‘चार’, आणि मधल्या रिकाम्या जागा टाळी न देता तोंडाने भरा. हे जमलं की गिटार उचला. प्रत्येक मात्रेवर टिक असली की आपण तिला लटकत चालतो. अर्ध्या मात्रा स्वतः सांभाळाव्या लागल्या की लय आपली होते.

मग वेग कसा वाढवायचा? रोज पाच-पाच बीपीएम चढवण्याचा प्रकार मला फळला नाही. एका आकड्याला येऊन गाडी अडायची ती अडायचीच. मंद लयीतली मोठी हालचाल जलद लयीत चालतच नाही, हे त्याचं कारण. मला उपयोगी पडलं ते असं: एकच कॉर्ड, ए मायनर सिक्स. हव्या त्या लयीत, समजा २२०, फक्त दोन बार (म्हणजे दोनदा चार मात्रा) वाजवायचे. मग दोन बार पूर्ण हात खाली सोडून बसायचं. पुन्हा दोन बार. पाच मिनिटं, जास्त नाही. हळूहळू दोनाचे चार, चाराचे आठ बार. एवढ्या लयीत हात आपोआप हालचाल लहान करतो. तीच लहान हालचाल घेऊन मग १२०वर या, तिथे ती चोख करा.

गिटारच चुकीची असेल तर

मॅकाफेरी या गिटार बनवणाऱ्याच्या रचनेवरून सेल्मर या फ्रेंच कंपनीने १९३२पासून ज्या गिटार बनवल्या, आधी इंग्रजी डी अक्षरासारख्या तोंडाच्या आणि पुढे लहान लंबगोल तोंडाच्या, त्यांचा आवाज ठसठशीत आणि पटकन विरणारा. एकूण गिटार हजारही बनल्या नाहीत, तेव्हा तो नाद सोडा. आपल्याकडची नेहमीची मोठ्या अंगाची ड्रेडनॉट गिटार आणि तिच्यावरच्या ब्राँझच्या तारा मुळातच लांब घुमतात. अशा गिटारवर डाव्या हाताने कितीही नीट सोडलं तरी थोडा गलका राहतो.

स्वस्तातला उपाय: जुना पायमोजा घडी करून ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. दिसायला भिकार, पण फरक लगेच कळतो. पुढची पायरी म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या वळ्याच्या, पहिली तार १० किंवा ११ जाडीची (इंचाच्या हजाराव्या भागात) असलेल्या तारा. आणि पावसाळ्यात अचानक हात जड झाला तर सराव वाढवण्याआधी तारांची उंची बघा. दमट हवेने लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात. एका जुलैत मी महिनाभर स्वतःला शिव्या घातल्या आणि शेवटी दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत विषय संपवला.

मागे बसून पुढे यायची घाई

दोन-चार पासिंग कॉर्ड (एका कॉर्डवरून दुसरीकडे नेणाऱ्या मधल्या) शिकलो की त्या सगळीकडे पेरायचा मोह होतो. रोझेनबर्ग ट्रिओ या जिप्सी जॅझच्या त्रिकुटात मागची गिटार वाजवणारा नूशे रोझेनबर्ग काय करतो ते ऐका. स्तोकेलो पुढे आभाळ फाडत असतो आणि नूशे मागे तेच ते वाजवतो, पण त्यावर घर बांधावं इतकं पक्कं. एखाद्या गाण्यात पुढच्याकडे लक्षच द्यायचं नाही, फक्त मागचा ऐकायचा. असा एक आठवडा काढून बघा.

लय चढतेय का हे वाजवताना आपलं आपल्याला कळत नाही. फोनवर तीन मिनिटं रेकॉर्ड करा आणि पहिले आठ बार व शेवटचे आठ बार लागोपाठ ऐका. माझी पहिली अशी फीत सुरू झाली होती १६०ला आणि संपली १८४ला. मित्र मागे लागण्याबद्दल जे म्हणाला होता, त्याचा आकडाच मिळाला.

आता तो गज खाली घेत नाही. २००पर्यंत मी निभावतो. २२०ला ए मायनर जाते, डी मायनर जाते, आणि ई सेव्हनवर कधीकधी दुसरी तार अजूनही ‘टिंग्’ करते. अशा वेळी मी दुसऱ्या तारेवरचं बोट जरा जास्त आडवं करतो, आणि तो व्हायोलिन जरा जोरात वाजवतो.