उघड्या चिलरचं वीजबिल कसं आवरलं

राजारामपुरीतल्या आमच्या मार्टमधल्या उघड्या चिलरचा (म्हणजे बिनदाराच्या, फळ्यांच्या फ्रिजचा) कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेईना. मेकॅनिकने गॅस तपासला, तो बरोबर होता. अशा चिलरवरचा बहुतांश भार बाहेरून शिरणाऱ्या गरम हवेचा असतो, म्हणून अगरबत्ती धरून पाहिली. वरच्या जाळीतून उतरणारा, बाहेरची हवा अडवणारा गार हवेचा पडदा मधल्या फळीपाशी फाटत होता, धूर सरळ आत. ताकाच्या पिशव्या लोड लाइनच्या, म्हणजे माल ठेवायच्या हद्दीच्या खुणेच्या, बाहेर लोंबत होत्या, शिवाय समोरचा पंखा थेट चिलरवर! पिशव्या मागे सरकवल्या, पंखा वळवला, जाळी ब्रशने साफ केली, रात्री ओढायला पडदा बसवला. कंडेन्सरवरची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवरची) धूळही काढली. ते तर सगळ्यांनीच करावं. आता कॉम्प्रेसर मधेमधे थांबतो, बिल उतरलंय. उन्हाळ्याआधी काचेची दारं बसवायचीच आहेत.